फूल नको, पानं दाखवा

मला गच्चीवर फुलं नको होती. सकाळी नऊला घराबाहेर पडायचं, संध्याकाळी सातला परत यायचं, त्यात फुलझाडांची खुडणी-छाटणी कोण करणार? शिवाय बडोद्याचा उन्हाळा. एप्रिल लागला की जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागतात आणि पाऊस पडेपर्यंत गच्ची रखरखीत दिसते. क्रोटन होते, पण ते काय, प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी असतातच. वर्षभर, अगदी मे महिन्यातसुद्धा, पानांनीच रंग द्यावा असं काहीतरी हवं होतं. शोधत शोधत ब्रोमेलियाडपाशी येऊन थांबले. मग त्यातलं नेमकं कोणतं घ्यायचं हे ठरवण्यात खरा वेळ गेला.

हे अननसाचं कुळ. साडेतीन हजारांच्या आसपास जाती, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीमधली एक सोडली तर सगळ्या अमेरिका खंडातल्या. त्यातल्या पुष्कळशा जमिनीत वाढतच नाहीत, दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर बसतात. मुळं मुख्यतः धरून ठेवायला. पाणी आणि अन्न शोषायचं काम पानांवरचे सूक्ष्म खवले करतात. पानं बुडाशी एकमेकांना इतकी घट्ट बिलगलेली असतात की मध्ये पेला तयार होतो आणि त्यात पावसाचं पाणी साठून राहतं. आपल्याकडे विकायला येतात ती बहुतेक या पेल्यावाल्या गटातली.

नर्सरीत शिरलं की पहिल्यांदा नजरेत भरतो तो गुझमॅनिया. लाल, पिवळा, केशरी, जांभळा तुरा मधोमध उभा. बँकांच्या स्वागतकक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये हाच असतो. वाघोडिया रोडकडच्या ज्या नर्सरीत मी नेहमी जाते, तिथल्या भाईंनीही तोच पुढे केला. मी म्हटलं, "फूल नको, पानं दाखवा." त्यावर ते हसून म्हणाले, "बेन, फूलवाळो लई जाओ ने, आमां शुं छे?" म्हणजे, ताई, फूलवालाच घेऊन जा ना, यात काय आहे? त्यांचंही बरोबर आहे. गिऱ्हाईक तुऱ्यावरच जातं. पण गुझमॅनियाचं पान बघा, बहुतेक वेळा साधं हिरवं, गुळगुळीत, बिनकाटेरी. तो तुरा दोन-तीन महिने टिकतो आणि मग ते झाड हळूहळू संपतं, कारण यांचं प्रत्येक रोझेट, म्हणजे पानांचा गोलाकार झुबका, एकदाच फुलतं. फुललं की बाजूला पिल्लं देतं आणि आपण वाळत जातं. त्यात दुकानातला तुरा बहुधा इथिलीन देऊन आणलेला असतो. पिकलेलं सफरचंद शेजारी ठेवून प्लास्टिकची पिशवी बांधली तरी हेच घडवता येतं, कारण पिकणाऱ्या फळातून तोच वायू सुटतो. म्हणजे तुऱ्यासकट गुझमॅनिया घ्यायचा तर आपण त्या झाडाच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा विकत घेतो. भेट द्यायला छान. मला नको होता.

पानांकडे बघायला लागल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की दुकानात दिसणारा सगळा रंग एकाच तऱ्हेचा नसतो. काही रंग झाडाच्या बांधणीत असतो, तो कुठेही न्या, राहतोच. काही रंग उजेडाने चढवलेला असतो, जागा बदलली की उतरतो. आणि काही रंग फक्त फुलायच्या हंगामापुरता असतो. पैसे मोजताना या तिघांतला फरक कळला पाहिजे, कारण लेबलवर काही लिहिलेलं नसतं. लेबल असलंच तर त्यावर नुसतं 'ब्रोमेलिया' असतं, तेसुद्धा सगळ्यांवर तेच.

फरक कसा कळतो ते नियोरेजेलियावरून सांगते, कारण पानांसाठी घ्यायचं तर सुरुवात याच गणापासून करावी. मूळचा बराचसा ब्राझीलचा. चपटं, पसरट रोझेट, वरून बघायचं झाड. म्हणूनच कमरेच्या खाली, जमिनीवर किंवा बुटक्या कट्ट्यावर ठेवलं तर शोभतं. उंच स्टँडवर ठेवलं तर पानांची खालची बाजूच दिसत राहते.

नर्सरीच्या शेडमध्ये नियोरेजेलिया कॅरोलिनीच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. एकाचा मध्य लालभडक, बाहेरची पानं हिरवी. शेजारच्याला मध्यात विशेष काही नाही, पण पानांवर लांबीभर फिकट पिवळसर-पांढरे पट्टे. तिसरा सगळाच तांबूस, मध्यापासून टोकापर्यंत. बहुतेक माणसं पहिला उचलतात. मी तो उचलून पेल्यात वाकून पाहिलं. पाण्याच्या पातळीला लागून इवलीशी निळसर-जांभळी फुलं, काही उमललेली, काही कुजून तपकिरी झालेली. म्हणजे तो लाल रंग फुलण्याच्या वेळचा होता. रानात पाखरांना बोलावण्यासाठी असतो तो. काही महिने टिकतो, पुष्कळ टिकतो असंच म्हणायला हवं, पण त्यानंतर त्या रोझेटचा उतार सुरू होतो. बुडाशी बोट फिरवून पाहिलं तर पिल्लू नव्हतं. खाली ठेवला. पिल्लं असती तर त्यांच्यासाठी घेतला असता, दर कमी करून मागितला असता.

तिसरा, सगळाच तांबूस, तो उजेडाने रंगलेला. याची खूण आतल्या पानांत सापडते. सर्वांत आतली पानं सर्वांत नवी, म्हणजे सध्याच्या जागेत झाड कसं आहे ते तीच सांगतात. बाहेरची पानं लाल आणि आतली हिरवी, लांबुळकी, ढिली असतील, तर झाड कुठल्यातरी चांगल्या उजेडाच्या पॉलिहाऊसमधून येऊन या सावलीत बरेच दिवस पडून आहे असं समजावं. आतलीही पानं आखूड, रुंद आणि तांबूस असतील तर ताजा माल. फुलण्याचा लाल मात्र वेगळा ओळखू येतो. तो मधल्या पानांच्या बुडापासून सुरू होतो आणि त्याची हद्द स्पष्ट दिसते. उजेडाचा रंग पानभर पसरतो, टोकांकडे जास्त. तेवढं बघितलं की फसायला होत नाही.

दुसरा, पट्ट्यांचा, तो कॅरोलिनीचा 'ट्रायकलर' प्रकार. भाई म्हणाले, "आ पट्टावाळो मोंघो छे." महाग होताच. पण हे पट्टे त्याच्या पेशींतच आहेत. पानाच्या काही थरांत हरितद्रव्य तयारच होत नाही, त्यामुळे सावलीत ठेवा की उन्हात, पट्टे राहणार. उन्हाने फरक पडतो तो एवढाच की चांगल्या उजेडात त्या पांढऱ्यावर गुलाबी झाक चढते आणि तीन रंग पुरे होतात. अशा झाडात काय बघायचं? पट्टे पानाच्या मध्यभागी असून कडा हिरव्या असतील, किंवा उलट मध्य हिरवा आणि कडा पांढऱ्या असतील, तर ते पुढच्या पिल्लांतही बऱ्यापैकी तसेच येतात. पण एखाद्या पानावर चार बारीक रेघा, दुसऱ्यावर एकच, तिसरं निम्मं पांढरं, असं विस्कळीत असेल तर पिल्लांचा भरवसा नाही. आणि बी लावून हे पट्टे मिळण्याची आशा ठेवू नये. ते पिल्लांतूनच पुढे जातात. पट्टेवाल्या झाडात हिरवा भाग कमी, म्हणून वाढ सावकाश, आणि पांढरा भाग उन्हाने आधी भाजतो. भाव जास्त असतो त्याचं हेही कारण.

मी तो पट्टेवाला घेतला आणि तांबूस एक घेतला. तांबूस घेताना मनात पक्कं होतं की याला गच्चीवर उजेडाची जागा द्यायची, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत तो हिरवा होईल आणि घरातले म्हणतील, हाच का तो लाल?

मग पट्ट्यांचा नाद लागला. आडवे पट्टे असलेले कितीतरी प्रकार या कुळात आहेत आणि त्यांचे पट्टे दोन तऱ्हांनी होतात. एकमिया फॅशिआटावर जे रुपेरी पट्टे दिसतात ते रंगाचे नसतात. शोषण करणाऱ्या खवल्यांची तिथे दाटी असते. पानावर कोणीतरी पिठाचा हात फिरवल्यासारखं दिसतं. बोट घासलं तर ते खवले निघतात आणि त्या जागी परत येत नाहीत, म्हणून नर्सरीत पानांवर बोटांचे ठसे असलेला नग मी घेत नाही. काही दुकानदार पानं चकाकावीत म्हणून तेल किंवा चमक आणणारा स्प्रे मारतात. रबराच्या झाडाला एक वेळ चालेल, पण इथे तोच स्प्रे खवले बुजवून टाकतो. चकाकणारी एकमिया दिसली तर सरळ पुढे जावं. तिच्या पानांच्या कडेला बारीक काळसर काटे असतात आणि काहींच्या त्वचेला तिच्यामुळे खाज सुटते, तेव्हा हाताळताना पूर्ण बाह्यांचा कपडा बरा.

व्ह्रिसिया स्प्लेंडेन्सचे पट्टे मात्र रंगाचे आहेत, हिरव्यावर गडद जांभळट-तपकिरी. तिचं लाल, तलवारीसारखं चपटं फूल प्रसिद्ध आहे, पण मला विचाराल तर फूल नसतानाच ती जास्त देखणी. पान पातळ, मऊ, बिनकाटेरी. आणि इथे माझ्या निवडीतला दुसरा नियम येतो, जो मी आता डोळे मिटून पाळते. पान कडक, काटेरी आणि करड्या झाकेचं असेल तर त्याला उजेड भरपूर चालतो. पान मऊ, गुळगुळीत आणि हिरवं असेल तर त्याला सावली आणि दमटपणा हवा. यामागे कारण आहे. नियोरेजेलिया, एकमिया, बिलबर्जिया ही मंडळी अननसासारखीच रात्री श्वासरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात आणि दिवसा ती बंद ठेवतात, म्हणून कोरड्या हवेत पाणी कमी गमावतात. गुझमॅनिया आणि बहुतेक पातळ पानांच्या व्ह्रिसिया दिवसाच रंध्रं उघडतात. बडोद्याच्या मे महिन्यात, पारा बेचाळीस-त्रेचाळीसला आणि दुपारी लू वाहत असताना, हा फरक पुस्तकातला राहत नाही. व्ह्रिसिया मी घरात, उत्तरेच्या खिडकीशी ठेवली आहे. गच्चीवर ती नेणारच नव्हते.

पुण्याला मावशीकडे जाणं झालं तेव्हा जानेवारीअखेरीचं एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शनही पाहून घेतलं. तिथून बिलबर्जिया आणली. हे नाव फारसं कोणी घेत नाही. उंच, नळीसारखं, चार-सहा पानांचं झाड, पानांवर पांढरट, गुलाबी ठिपके, शिंतोडे. 'हॅलेलुया' नावाचा एक संकर आहे, फ्लोरिडातल्या डॉन बीडल यांनी केलेला. उजेड मिळाला की वाइनच्या रंगाचं पान आणि त्यावर पांढरे डाग. बिलबर्जियाला फूल आलं तर ते आठ-दहा दिवसांत आटोपतं, म्हणून फूलवाल्यांना ती आवडत नाही आणि आपल्याला स्वस्त पडते. तिला एकेकटी ठेवण्यापेक्षा पाच-सहा नळ्या एका कुंडीत वाढू द्याव्यात. कमी जागेत इतका नक्षीदार उभा आकार दुसरा कुणी देत नाही.

त्याच प्रदर्शनात कुणीतरी एकमिया चँटिनी मांडली होती. काळपट हिरव्या पानांवर पांढऱ्या पट्ट्या, इतक्या ठसठशीत की माणसं थांबून फोटो काढत होती. मीही काढला. पण ती अॅमेझॉनच्या खोऱ्यातली, तिला थंडी सोसत नाही. बडोद्यात जानेवारीच्या काही पहाटे दहा-बारा अंशांवर येतात. रोज संध्याकाळी कुंडी उचलून आत न्यायची माझी तयारी नव्हती. फोटोवर भागवलं.

क्रिप्टँथसबद्दल थोडक्यात. हा पेल्याचा नाही, जमिनीवर वाढणारा, चांदणीच्या आकाराचा, हाताच्या पंज्याएवढा. गुलाबी, चॉकलेटी, नागमोडी आडवे पट्टे. त्याला मुळाशी ओलावा लागतो, कोरडं पडलेलं चालत नाही, म्हणून कोकोपीट आणि पानांच्या खतात लावला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. तिथे सिंकची वाफ मिळते. खूष आहे.

आता जागेचं सांगते, कारण रंगाचा निम्मा हिशोब तिथेच लागतो. घरापुढच्या ओट्यासमोर कडुनिंब आहे. त्याच्याखाली एकमिया आणि बिलबर्जिया ठेवल्या. गाळून येणारा उजेड यांना फार मानवतो, पण कडुनिंबाची एक अडचण आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमकं ऊन तापायला लागतं तेव्हा, त्याची पानं झडतात आणि नवी पालवी दाट होईपर्यंत खाली चटका बसतो. तेवढे दिवस कुंड्या भिंतीच्या कडेला सरकवते. शिवाय झडलेली पानं, मग मोहोर, मग लिंबोळ्या, सगळं पेल्यांत पडतं. थोडा पालापाचोळा रानातही पडतो आणि तेच त्यांचं खत असतं, पण लिंबोळी कुजली की वास सुटतो. चिमट्याने काढावी लागते. आमच्या सासूबाई ओट्यावर पोथी वाचत बसतात; त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या झाडांची मी रोज तोंडं धुतेय." आता ते काम त्यांचंच झालं आहे आणि मी काढू लागले तर त्यांना आवडत नाही.

गच्चीवर नियोरेजेलियांसाठी शेडनेट लावली. दुकानदार पंचाहत्तर टक्क्यांची देत होता, मी पन्नासची मागितली. पंचाहत्तरखाली झाड सुरक्षित राहतं आणि हिरवं होतं. पन्नासखाली सकाळचं ऊन भरपूर मिळतं आणि रंग चढतो. एप्रिल ते जूनपुरती पश्चिमेच्या बाजूला जुनी चादर अडकवते. नव्या आणलेल्या झाडाला मात्र थेट तिथे ठेवत नाही. आधी ओट्यावर, मग गच्चीच्या दाराशी, मग नेटखाली, अशी सरकवत नेते. सावलीत वाढलेलं पान एकदम उन्हात नेलं तर त्यावर पांढुरका-तपकिरी डाग पडतो आणि तो डाग ते पान असेपर्यंत राहतो. पानांसाठीच झाड घेतलंय, तेव्हा एक डागसुद्धा डोळ्यांत खुपतो.

'फायरबॉल' नावाचा एक छोटा नियोरेजेलिया आहे, त्याचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. एकाच झाडाची दोन पिल्लं. एक नेटखाली, एक घरात टीव्हीशेजारी. काही महिन्यांनी बघणाऱ्याला ती एकाच आईची आहेत हे सांगून पटत नाही. नेटखालचं गडद लाल, आटोपशीर, मुठीत मावणारं. घरातलं हिरवं, पानं लांब, लोंबकळती. घरातलं वर नेलं की नवी पानं लाल यायला लागतात. माझ्याकडे रंगाबद्दल विचारायला येणाऱ्यांना मी काही समजावत बसत नाही, ही दोन कुंड्यांची जोडी दाखवते.

थंडीत सगळ्यांचा रंग सर्वांत चांगला असतो. डिसेंबर-जानेवारीत दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, हे जमून आलं की तांबूस झाडं अक्षरशः पेटतात. नेमकी तेव्हाच उत्तरायण येते. चौदा जानेवारीला बडोद्यात गच्ची झाडांची राहत नाही, ती पतंगांची. शेजारपाजारची पोरं, पाहुणे, उंधियू-जिलबीचे डबे, स्पीकर, सगळं वर. नियोरेजेलियाच्या काटेरी कडांत मांजा अडकला की तो सोडवताना पानं चिरतात, आणि पोरांच्या पोटऱ्याही ओरबाडतात. आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या जिन्यात खाली. मागच्या खेपेला शेजारच्या काकूंनी विचारलं, "एवढे काटे असलेली झाडं घरात ठेवतात का?" त्यांच्याकडे बोगनवेल आहे, हे मी बोलले नाही.

पाण्याचा प्रश्न मला निवडीइतकाच महत्त्वाचा वाटतो. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत पालिकेच्या पाण्यात बोअरचं मिसळतात. बोअरचं पाणी जड. पेल्यात ते साठून वाळलं की पानांवर पांढरे वर्तुळाकार डाग बसतात, आणि रुपेरी पट्ट्यांच्या झाडावर ते पट्टा कोणता आणि क्षार कोणता हे कळू देत नाहीत. पावसाचं पाणी हे यांचं खरं पाणी. गच्चीच्या पन्हळीखाली दोन निळे पिंप झाकण-जाळी लावून ठेवले आहेत. पावसाळ्यात भरतात आणि काटकसरीने वापरलं तर थंडी निघून जाते. त्यानंतर आरओचं शुद्ध पाणी, बाजूला निघतं ते टाकाऊ नव्हे, त्यात क्षार उलट जास्त असतात. एसीतून ठिबकणारं पाणी घालावं असं बरेच जण सुचवतात. ते क्षारमुक्त असतं खरं, पण एसीच्या आत तांब्याच्या नळ्या असतात आणि तांबं या कुळाला विषासमान आहे, म्हणून मी ते तुळशीला घालते, यांना नाही. याच कारणाने कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा बोर्डो मिश्रण ही तांब्याची बुरशीनाशकं यांच्या जवळपास मारू देत नाही. आमच्या माळ्याच्या पिशवीत कुठल्याही बुरशीवर तेच एक औषध असतं, त्यामुळे फवारणीच्या दिवशी मी घरी असतेच.

आणि डास. पेल्यात पाणी म्हणजे डासांची सोय, आणि तीही डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची. पावसाळ्यात पालिकेच्या मलेरिया विभागाचे लोक घरोघर येतात, कूलर, टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात. आमच्याकडे आलेल्या मुलाने ओट्यावरच्या एकमियाच्या पेल्यात टॉर्च मारला, मग बिलबर्जियाच्या नळीत, मग माझ्याकडे पाहिलं. अळ्या नव्हत्या, कारण मी आठवड्यातून दोनदा पाइपने पेले जोरात धुऊन जुनं पाणी बाहेर सांडते. अंड्यापासून डास उडायला सुमारे आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी पाणी बदललं की झालं. फार झाडं असतील तर बीटीआय नावाची जिवाणूंची पूड मिळते, ती अळ्या मारते आणि झाडाला त्रास देत नाही. रॉकेलचे थेंब टाकायचा जुना उपाय इथे चालणार नाही, पानं जळतील. ज्यांच्या घरात लहान मूल आहे आणि हे धुणं नेमाने जमणार नाही, त्यांनी क्रिप्टँथस घ्यावा, त्यात पाणी साठत नाही.

कुंडी लहान, चार ते सहा इंची. आपली काळी माती अजिबात नाही, ती ओल धरून बूड कुजवते. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळशाचे खडे आणि थोडं पानांचं खत, एवढ्यावर भागतं. खत जवळजवळ नाहीच. शेणखत आणि युरिया यांतल्या नत्राने पट्टे आणि लाली दोन्ही झाकली जातात, झाड मात्र टवटवीत हिरवं, लांबलचक दिसतं आणि शेजारी कौतुक करतात.

ट्रायकलरला पहिल्यांदा पिल्लं आली तेव्हाची गंमत सांगायला हवी. तीन आली. एकावर आईसारखेच पट्टे, एक पूर्ण हिरवं, आणि एक जवळजवळ सगळं पांढरं, गुलाबी टोकांचं. सगळ्यांची मागणी त्या पांढऱ्याला. पण हरितद्रव्य नसलेलं पिल्लू आईला चिकटलेलं असेपर्यंतच जगतं, सुटं केलं की स्वतःचं अन्न करू शकत नाही. ते मी आईपाशीच राहू दिलं, जितके दिवस दिसलं तितके दिवस पाहिलं. हिरवं पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झाल्यावर धारदार सुरीने कापून वेगळं केलं, दोन दिवस सुकू दिलं आणि देऊन टाकलं. त्याच कुंडीत ठेवलं असतं तर त्याने जोमाने वाढून पट्टेवाल्याला मागे टाकलं असतं. पट्टेवालं ठेवलं. नर्सरीतून विकत घेताना एकदा निवड करून काम संपत नाही, प्रत्येक वेताला ती पुन्हा करावी लागते.

ऑनलाइन मागवण्याबद्दल विचारतात. केरळमधून पिल्लं स्वस्त मिळतात, मातीशिवाय, वर्तमानपत्रात गुंडाळून येतात, आणि पानांतून पाणी पिणारी असल्यामुळे कुरिअरचे काही दिवस सहज काढतात. पण फोटोतला रंग तिकडच्या उजेडाचा आणि बऱ्याचदा फोन-कॅमेऱ्याचाही. मी विक्रेत्याकडून त्याच झाडाचा वरून आणि बाजूने, सावलीत काढलेला फोटो मागवते, शिवाय बुडाचा. बुडाशी, पानांच्या बेचक्यात, तपकिरी टिकल्या दिसल्या तर ते खवलेकीड, नाही म्हणायचं. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, तेही नाही. एप्रिल-मेमध्ये तर मागवूच नये, बंद ट्रकमध्ये ती शिजतात.

व्ह्रिसिया हिरोग्लिफिका अजून घेतलेली नाही. फिकट हिरव्यावर गडद हिरव्या, वाकड्यातिकड्या, कुणी लिहून ठेवल्यागत रेघा. पानांसाठी जगभर जिला मान आहे ती हीच. पण ती मीटरभर पसरते, सावकाश वाढते आणि आमच्या उत्तरेच्या खिडकीत आधीच एक व्ह्रिसिया बसली आहे. त्या खिडकीतला शिवणयंत्राचा स्टूल हलवला तर जागा होईल, पण तो सासूबाईंचा आहे. तूर्त पाऊस सुरू झाला की बिलबर्जियाच्या नळ्या सुट्या करायच्या आहेत, बऱ्याच झाल्यात. बडोद्यात कारेलीबागेत ओळखीचं कुणी असेल आणि हवी असतील तर जुलैत येऊन न्यावीत, येताना जुन्या वर्तमानपत्राचे दोन कागद आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घेऊन यावा.